बाई, ह्यो बघा की!

आमच्या पहिलीच्या वर्गात मारामारी हा किरकोळ गुन्हा आहे. गंभीर गुन्हा म्हणजे बघणे.

“बाई, ह्यो माझ्याकडं बघतुय.”

“काय रे, का बघतोस तिच्याकडे?”

“मी न्हाई बघत. तीच बघतीया. न्हाईतर तिला कसं कळलं मी बघतुय ते?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. डी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता, पण त्यात बघण्यावर एक ओळ नव्हती. मी दोघांनाही फळ्याकडे बघायला सांगते. पाठ वळवून खडू उचलते न उचलते तोच मागून तिसरा आवाज: “बाई, ही दोघं फळ्याकडं बघतच न्हाईत.” म्हणजे हा तिसराही फळा सोडून या दोघांकडे बघत होता. हे त्याच्या लक्षात आणून द्यावं तर चौथी उभी राहील, म्हणून मी गप्प बसते.

सातारा जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे आणि मुख्याध्यापकाचा कारभारही सरांकडेच. मुलांची नावं इथे लिहीत नाही. गाव लहान आहे आणि हल्ली आज्ज्यांनाही मोबाईल वाचता येतो.

लोकांना वाटतं, पहिलीची बाई म्हणजे दिवसभर टाळ्या वाजवून बडबडगीतं म्हणणारी सुखी बाई. “तुमचं बरंय, लहान पोरं. शिकवायला असं असतंय काय?” असं मला एसटीत, लग्नात आणि दळणाच्या रांगेतही ऐकवलं गेलंय. शिकवायला खरोखरच फार काही नसतं. अडचण शिकवायला वेळ सापडण्याची असते. दोन तक्रारींच्या मधल्या फटीत मी ‘कमळ’ घालते, पुढच्या फटीत ‘बदक’.

आता या तक्रारींना मीच कारणीभूत आहे म्हणा. जूनमध्ये पोरं आली तेव्हा एकमेकांना सरळ बुकलायची. मी नियम केला: कुणी काही केलं तर मारायचं नाही, बाईंना येऊन सांगायचं. नियम इतका मनापासून पाळला गेला की आता त्यांना मारायला वेळच उरत नाही. “बाई, ह्यानं माझ्या सावलीवर पाय दिला.” “बाई, ही माझ्या मामाच्या गाडीला डबडं म्हणली.” “बाई, ह्यो मला उद्या मारणार हाय.” या शेवटच्या प्रकरणात आरोपीला विचारलं तर म्हणाला, “उद्या न्हाई बाई, परवा. उद्या मी गावाला चाललोय.”

सुरुवातीला मी प्रत्येक तक्रारीचा छडा लावायची. मग कळलं, तक्रारदाराला निकाल नकोच असतो. “बरं हं, बघते मी त्याच्याकडे,” एवढं म्हटलं की तो विजयी मुद्रेनं जागेवर जाऊन त्याच आरोपीच्या डब्यातला चिवडा खायला लागतो. डोळ्यांत पाणी घेऊन आलेला असतो, तो परत जाताना वाटेत एकाला चिमटा काढून जातो. लगेच पुढची तक्रार.

करंगळीचं प्रकरण वेगळं. एकानं करंगळी दाखवली की अख्ख्या रांगेला लागते. एकेकाला सोडावं तर बाहेर गेलेला प्रत्येक जण खबर घेऊन येतो. “बाई, मगासचा गेलेला अजून नळाशीच खेळतुय.” “बाई, खिचडीवाल्या मावशी कांदा चिरत्यात, आज मटकी हाय.” “बाई, सर फोनवर रागं भरत्यात.” शेवटची बातमी खरी असते. वरून तातडीची माहिती मागवलेली असते, ती पोर्टलवर दोनदा भरलेली असते आणि तरी आजच दुपारी बारापर्यंत तिसऱ्यांदा कागदावर हवी असते. सरांना कुणाकडे जाऊन ‘बाई, ह्यो बघा की’ म्हणायची सोय नाही.

सगळ्यात गाजलेला खटला पेन्सिलीचा. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीनं सगळ्या पोरांना वह्या-पेन्सिली वाटल्या. देणाऱ्यांचा हेतू चांगला, पण पेन्सिली सगळ्या एकाच रंगाच्या. लाल-काळ्या पट्ट्यांच्या. सोळा ऑगस्टपासून माझ्या वर्गात मालकी हक्काचे दावे सुरू झाले. त्यातला एक असा:

“बाई, ही पेन्शील माझी हाय. ह्यानं घेतली.”

“कशावरून तुझी?”

“मागनं चावलीया बघा. माझीच चव हाय तिला.”

पेन्सिलीच्या मागच्या टोकाला दातांचे ठसे होते हे खरं. दोन खोल, एक उथळ. पण दुसरा पक्ष तयारीचा होता. “बाई, त्याला म्होरं दातच न्हाईत. त्यो कुटनं चावणार?”

वर्ग हसला. वादीनं ओठ वर करून पाहणी करू दिली. पुढचे दोन्ही दात खरंच गायब. मी निकाल देणार, एवढ्यात तो म्हणाला, “तवा व्हतं बाई. परवा पडलं.” आणि त्यानं दप्तराचा तळ उपसायला सुरुवात केली. एक चिंच, गोट्या, तुटकं गिरमिट, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतला गणपती आणि मग वहीच्या कागदाची एक घट्ट पुडी. पुडीत दात. आजीनं छपरावर टाकायला सांगितला होता, पण हा कामाला येईल असं त्याला वाटलं म्हणून जपून ठेवलेला. एवढी दूरदृष्टी पोराला आली कुठून कोण जाणे. घरात जमिनीची केस चालू आहे, त्यामुळे असेल.

“दात लावून बघा! दात लावून बघा!” वर्गानं एकमुखानं मागणी केली. लावून बघितला. उथळ ठशात बसला. खोल ठशांत प्रतिवादीचे दात बसले. म्हणजे दोघांनीही ती आळीपाळीनं चावली होती. मी टेबलाच्या खणातली एक नवी पेन्सिल काढून वाद मिटवला, तर पाच मिनिटांत निम्म्या वर्गाच्या पेन्सिली हरवल्या.

पण काही तक्रारी अगदी रास्त असतात. दुसरीतला एक जण गणिताच्या तासाला वही आपटून म्हणाला, “बाई, तुम्ही तोंडानं तीस म्हणता आन हातानं दोन काढता.” मी एकोणतीस सांगितले होते आणि फळ्यावर 29 लिहिले होते. एकोणतीस म्हणताना तिसाची आठवण काढायची आणि लिहिताना विसाचं बोट धरायचं, ही फसवणूक त्याला मान्य नव्हती. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यांची वाचनं घातली तेव्हा विधानसभेपासून पारापर्यंत सगळ्यांनी मराठी बुडाली म्हणून गळा काढला होता. त्यातल्या प्रत्येकाला एकदा माझ्या वर्गात एकोणऐंशी आणि एकोणनव्वद शिकवायला उभं करावं, एवढीच माझी नम्र विनंती आहे. पोरांनी वीस-नऊ म्हटलं की मी काही त्यांना अडवत नाही. संध्याकाळी घरी आजोबा अडवतातच.

दुपारी खिचडी. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, वर डाळ किंवा कडधान्य. वाढण्याआधी आम्ही चव घ्यायची आणि चव-नोंदवहीत लिहायचं. ‘चव चांगली’ याशिवाय दुसरं काय लिहिता येतं ते मला अजून सुचलेलं नाही. 2023 च्या नोव्हेंबरात सरकारनं आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं आणि न खाणाऱ्यांना केळं. मी वहीत दोन रकाने आखले. पहिल्या आठवड्यात एक माळकऱ्याचं पोरगं केळ्याच्या रांगेत नीट उभं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात ते अंड्याच्या रांगेत.

“अरे, तुमच्यात चालत नाही ना?”

“घरी न्हाई चालत बाई. ही शाळा हाय.”

लगेच मागून: “बाई, मागच्या टायमाला त्यानं केळं खाल्लं, आता अंडं खातुय. मग मला दोन्ही द्या.” पुढे 2025 मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला, लोकवर्गणीतून द्यायचं तर द्या म्हणाले, आणि माझे रकाने एकदम ओस पडले. त्या दिवशीची हजेरी मात्र पूर्वीसारखी भरत नाही.

पालकांच्या तक्रारी उलट्या दिशेच्या असतात. पोरं म्हणतात, बाई त्यानं मारलं. पालक म्हणतात, बाई तुम्ही मारत का नाही? एक आजोबा दर सोमवारी, बाजाराला जाताना, नातवाचं बखोट धरून दारात उभे राहतात. “हाडं आमची, कातडं तुमचं. दोन ठिवून द्या. आमच्या मास्तरनं निरगुडीचा फोक मोडला व्हता माझ्यावर, म्हणून तर आज सही येतीया.” मी त्यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 समजावून सांगते, की मुलाला मारणंच काय, टोचून बोलायलाही मनाई आहे. आजोबा शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “बरं. मग मी हाणतो, तुम्ही तिकडं बघा.” नातू एव्हाना सरांच्या वर्गात पोचलेला असतो.

या सगळ्याचा हिशेब पुन्हा कागदावर मांडायचा. प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात आणि नोंद वर्णनात्मक, शक्यतो पोराचा हुरूप वाढवणारी हवी. त्यामुळे दिवसभर चुगल्या करणारा ‘परिसरातील घडामोडींचे बारकाईने निरीक्षण करतो’. दुसऱ्याचा डबा संपवणारी ‘गटात मिळून-मिसळून राहते’. दात जपून ठेवणाऱ्याच्या छंदापुढे मी ‘संग्रह करणे’ लिहिलं. त्याच्या आईनं विचारलं, “कशाचा?” मी सांगितलं. तिनं घरी जाऊन दप्तर झाडलं आणि दुसऱ्या दिवशी पोरानं माझ्याविरुद्ध सरांकडे तक्रार नोंदवली.

आणि मग मागच्या महिन्यात साहेब आले. आधी निरोप नव्हता. सरांनी मधल्या दारातून भुवया उडवल्या तेवढ्यावर मी ओळखलं आणि पोरांना हाताची घडी घालायला लावली. साहेब मायाळू निघाले. खुर्चीत न बसता पोरांच्या रांगेत सतरंजीवर उकिडवे बसले. एकाला वाचायला लावलं, त्यानं धडाधडा वाचलं. एकीला आईचं नाव विचारलं, तिनं आईचं, मावशीचं आणि म्हशीचंही सांगितलं. मग साहेबांनी आमच्या दातवाल्याची वही ओढली, ‘ळ’ची शेपटी चुकली होती तिथे त्याचीच पेन्सिल घेऊन गोल केला, “असा काढायचा बरं का बाळ,” म्हणाले, आणि उठता उठता सवयीनं पेन्सिल आपल्या खिशात लावली.

पोराची नजर पेन्सिलीबरोबर खिशापर्यंत गेली. मी डोळ्यांनीच दटावलं. साहेब टेबलाशी आले, शेरेबुक उघडलं, सरांनी चहा पुढे केला. ‘विद्यार्थी धीट व बोलके आहेत’ एवढं लिहून झालं होतं.

“बाई.”

“बस खाली. नंतर.”

“बाई, तुम्हीच म्हणला व्हता, मारायचं न्हाई, येऊन सांगायचं.”

साहेबांनी मान वर केली. “काय झालं बाळ? सांग, सांग.”

“बाई, ह्या सायबांनी माझी पेन्शील घेतली.”

सरांच्या हातातली बशी वाजली. साहेब हसले. “नाही रे, ही माझीच आहे,” म्हणत त्यांनी खिशावर हात ठेवला. माझ्या वर्गात साक्षीदारांची वाण कधीच नसते; चार जण उभे राहिले. “मी बघितलं!” “मी बी!” “बाई, लाल-काळी हाय, ग्रामपंचायतीची!” साहेबांनी खिशातून पेन्सिल काढून उजेडात धरली. मागच्या टोकाला ठसे. दोन खोल, एक उथळ.

“ही तर चावलेली आहे कुणीतरी,” साहेब म्हणाले.

मागच्या रांगेतून लगेच मागणी आली, “बाई, सायबांना आधी दात लावून बघायला सांगा!”