सनमायका, कार्बन आणि एक फॉरवर्ड

पहिला पाऊस पडला की आमच्या ठाण्यातल्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा ऐरोलीच्या एका ताईंनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, हे खरं आहे का? मुलीसाठी दोन गिटारी बघून ठेवल्यात. दोन्ही सिंथेटिक टॉपच्या, दोन्हींत पिकअप. मग स्वस्तातली घेऊन टाकू?"

(टॉप म्हणजे गिटारीची तारांखालची वरची फळी. पिकअप म्हणजे तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणारा भाग.) मेसेज थोडक्यात असा: सिंथेटिक टॉप म्हणजे प्लास्टिक, कंपनी कुठलीही असो. पावसाळ्यात त्याला काही होत नाही, सूरसुद्धा हलत नाही. प्लग केली की सगळ्यांचा आवाज एकच. लाकूड मुरतं, हे मुरत नाही. तेव्हा सगळ्यात स्वस्त असेल ती उचला.

मी कारागीर नाही. वाजवतो, आणि ओळखीच्यांच्या गिटारींचं सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरेची जुळवणी, करून देतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर पावसाळाभर कुणाची ना कुणाची गिटार उताणी पडलेली असते, आणि त्यावरून बोलणी खायची मला सवय झाली आहे. त्या टेबलावर जे कळलं ते सांगतो.

‘सिंथेटिक’ हे कुठल्या पदार्थाचं नाव नाही. ‘लाकूड नव्हे’ एवढंच त्यातून कळतं. ‘उपवासाचं’ म्हटल्यावर ताटात साबुदाण्याची खिचडी आहे की रताळ्याचा कीस, हे कुठे कळतं? मार्टिन कंपनीच्या लिट्ल मार्टिन मालिकेत एचपीएल टॉपच्या गिटारी आहेत. एचपीएल म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर, उष्णता आणि जबर दाबाखाली एकजीव केलेले, वर नक्षीचा कागद. आपल्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांवर जो सनमायका असतो, त्याचंच हे कूळ. म्हणजे ज्याला मेसेज प्लास्टिक म्हणतो त्यात निम्म्याहून जास्त कागदच आहे. तो लाकडी टॉपसाठी वापरतात त्या स्प्रूसच्या लाकडापेक्षा साधारण तिप्पट जड पडतो. त्यामुळे अशी गिटार नुसती वाजवली तर आवाज थोडा आखडून येतो, पण ठोकाठोकी मुकाट्याने सोसते.

एन्या कंपनीची नोव्हा गो ही गिटार घ्या. ती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमध्ये कार्बनचे तंतू मिसळून साच्यात घडवलेली. मेसेजमधला ‘प्लास्टिक’ हा शब्द खरा लागू पडतो तो इथे. रेनसाँग कंपनीची गिटार मात्र कार्बन तंतूंच्या कापडाचे थर रेझिनमध्ये बसवून केलेली असते. तो पत्रा इतका कडक की फारच पातळ ठेवला तरी तारांचा ताण पेलतो. आणि ओव्हेशनची ॲडमास? हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांच्या कंपनीने १९७० च्या दशकात काढलेल्या त्या गिटारीचा टॉप कार्बनच्या दोन पापुद्र्यांमध्ये बर्चचा पातळ थर घालून केलेला होता. म्हणजे सँडविच. हे सगळे एकाच पिशवीत भरून वर ‘प्लास्टिक’ लिहायचं असेल तर फणस आणि बोर दोन्ही फळंच.

गोंधळ उलट्या बाजूनेही होतो. ओव्हेशनच्या गोल पाठीच्या गिटारीला लोक सर्रास प्लास्टिकची गिटार म्हणतात. तिची पाठ खरंच फायबरग्लासची असते, पण बहुतेक मॉडेलांचा टॉप असतो स्प्रूसचा. लिट्ल मार्टिनमधल्या एलएक्स१ईचंही तेच, बाजू आणि पाठ एचपीएलची, टॉप लाकडी. सतारवाल्यांना हे पटकन कळतं, कारण त्यांना भोपळा आणि तबली वेगळ्या मोजायची सवय असते. गिटारीची तबली कशाची आहे ते कागदावर वाचा. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो ‘फुल कार्बन आहे सर’ म्हणणार.

आता पावसाळा. ही मेसेजमधली सगळ्यात लाडकी ओळ, आणि अर्धी खरी. लाकडी गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. माझ्या हॉलमधला काटा जुलैत ८५ च्या खाली आला तर मी फोटो काढतो. एवढ्या दमटपणात स्प्रूसचा टॉप फुगतो, ब्रिज, म्हणजे टॉपवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी, वर उचलला जातो, तारा फ्रेटच्या पट्ट्यांपासून लांब जातात आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा बारचा एफ कॉर्ड धरताना बोटं रडतात. एचपीएल किंवा कार्बनचा टॉप असा फुगत नाही, हे कबूल.

पण टॉप म्हणजे गिटार नव्हे. एखाद्या लिट्ल मार्टिनचा टॉप एचपीएलचा असला तरी नेक, म्हणजे गिटारीची मान, लाकडी आणि टॉपच्या पोटातल्या पट्ट्याही लाकडी. नेक लाकडी आहे तोवर तो हलणार, आणि तो हलला की ट्रस रॉडची, म्हणजे नेकच्या आत त्याचा बाक सावरणाऱ्या सळीची, चावी फिरवावी लागणार. गेल्या वर्षी कोपरखैरण्याहून एक मुलगा अशी एचपीएलची गिटार घेऊन आला. "हिला काही होत नाही असं ऐकलं होतं," म्हणाला. दीड वर्ष तिला कुणी हात लावला नव्हता. ट्रस रॉडला पाव फेरा दिला आणि ती ताळ्यावर आली. शिवाय गंजणाऱ्या तारा आहेतच, आणि केबल लावायच्या जॅकमध्ये साचणारी घाण, जी खाडीकाठच्या दमट हवेत इतरांपेक्षा लवकर कुरकुर करायला लागते. त्यांना टॉप कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नाही.

सूर हलत नाही हे तर साफ चूक. वाशीतल्या एका सोसायटीच्या गणपतीत आम्ही वाजवणार होतो. तालीम एसीच्या खोलीत, तिथेच ट्यूनिंग. माझ्याकडे त्या दिवशी उसनी कार्बनची गिटार होती, आणि मी मित्रांना ऐटीत सांगितलेलं की ही परत लावावी लागणार नाही. मंडपात गेलो, हॅलोजनच्या उजेडात उभा राहिलो आणि दुसऱ्याच गाण्यात कीबोर्डवाल्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की बस. सगळ्या तारा उतरलेल्या. कारण सरळ आहे: स्टील गरम झालं की लांबतं, कार्बनचं अंग जवळपास जागचं हलत नाही, त्यामुळे तारेचा ताण कमी होतो. हिशेब मांडला तर फक्त तार १० अंशांनी तापली तरी सगळ्यात बारीक तार साधारण १५ सेंट उतरते. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. मधल्या-खालच्या गुंडाळलेल्या तारा त्याहूनही जास्त. दमटपणाला कार्बन दाद देत नाही, उष्णतेला तारा देतात. मंडपात आधी दहा मिनिटं गिटार नुसती ठेवायची आणि मग लावायची, हा धडा मी चारशे माणसांसमोर शिकलो.

प्लगबद्दल मेसेज पुन्हा अर्धा बरोबर आहे. सॅडलखालचा, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखालचा, पिएझो पिकअप मुख्यतः सॅडलवर पडणारा तारांचा दाब ऐकतो, म्हणून नुसत्या आवाजात जाणवणारा टॉपचा फरक स्पीकरमधून पुष्कळ पुसट होतो. पण तेवढ्याने आवाज एक होत नाही. पिएझोचा इम्पीडन्स (विजेच्या सिग्नलला होणारा अडथळा) फार जास्त असतो. आत प्रीॲम्प (हा सिग्नल सावरून पुढे देणारा छोटा ॲम्प्लिफायर) नसलेली गिटार थेट मिक्सरला जोडली की आवाज किनरा, पातळ येतो, आणि बिचाऱ्या गिटारीला दोष लागतो. प्रीॲम्प असेल तर बहुधा आत ९ व्होल्टची बॅटरी असते. केबल जॅकमध्ये खुपसून ठेवली की ती चालूच राहते आणि ऐन कार्यक्रमात मान टाकते.

दोन सारख्या गिटारींत निवडायचं असेल तर मी दुकानात एक गोष्ट हटकून करतो. प्लग करून सहाही तारा एकेक, सारख्या जोराने छेडतो. एखादी तार मागे पडली तर बहुधा सॅडल खाचेत नीट बसलेली नाही. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी लावणारे बघितलेत का, धागा कणभर इकडचा तिकडे? त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मग बघतो प्रीॲम्प स्क्रू काढून बदलता येतो की अंगातच ओतलेला आहे. टचस्क्रीनवाल्या गिटारींकडे बघून माझ्या मनात हाच प्रश्न येतो की आठ वर्षांनी त्या पडद्याचं काय करायचं.

मुरण्याचा मुद्दा मी सोडून देतो. लाकूड वाजवून खरंच किती मुरतं यावर वाजवणाऱ्यांतच एकमत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलीला गिटार मुरण्याआधी दुसरा छंद लागायची शक्यता जास्त.

ताईंबरोबर मी दुकानात गेलो. स्वस्तातली एका तुकड्याची, ट्रस रॉड नाही, प्रीॲम्प अंगातच. दुसरी तीन हजारांनी महाग, एचपीएलची, नेक लाकडी, ट्रस रॉड आहे, प्रीॲम्प चार स्क्रूंवर. मी दोन्ही छेडल्या, दुसऱ्या गिटारीकडे बोट दाखवलं आणि ताईंना सॅडल समजावायला लागलो. तेवढ्यात मुलीने दुसरी उचलून गळ्यात अडकवलीसुद्धा. का, विचारलं तर म्हणाली, "हिच्यावर मोरपिशी पट्टा छान दिसेल."