‘सोडतो न, पण…’ म्हणणारा खोटं बोलत नसतो

परवा वहिनीने घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला: ‘खर्रा सोडवण्याचे पाच रामबाण नियम’. खर्रा म्हणजे आमच्याकडे ठेल्यावर घोटून मिळणारं सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण. नियम असे: घाबरवा, माणूस ‘पण’ म्हणाला की त्याला सोडायचाच नाही असं समजा आणि चांगलं झापा, सोडायचा तर एका झटक्यात, 21 दिवस काढले की सुटला, आणि समुपदेशन म्हणजे गोड बोलण्याचे पैसे. शेवटी ‘नागपूरकरांनो, दहा जणांना पाठवा’. पाठवलाही असेल लोकांनी, म्हणूनच हे लिहावं लागतंय.

सगळ्यात वाईट नियम दुसरा. ‘सोडतो न भाऊ, पण खर्रा टाकल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’ हे म्हणणारा दोन गोष्टी सांगतो आणि दोन्ही खऱ्या असतात. तुम्ही सोडण्याची बाजू धरून भांडलात की त्याच्या वाट्याला न सोडण्याची बाजू उरते. तो ती मांडतो, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलेलं माणसाला जास्त पटतं. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 42 दारू पिणाऱ्यांवर केलेला अभ्यास यासाठी वाचावा. सल्लागार जितकं तोंडावर खोडून काढत होता, तितकी त्याच्याकडच्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त होती. अडेल माणसाशीच वाद जास्त झाला, असंही असू शकतं. आणि ती दारू होती, खर्रा नव्हे. पण झापल्याने फायदा झाला, असं त्यात कुठेच दिसत नाही.

मग करायचं काय? विचारा: ‘खर्रा सोडणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं, 0 ते 10 मध्ये?’ तो म्हणतो, 4. इथे ‘फक्त 4?’ म्हणालात की गेलं. तो आणखी खाली का नाही याचं नाही, वर का नाही याचंच कारण देत बसेल. ‘4 कसे, 1 का नाही?’ असं विचारा. आता कारणं तो देतो: ‘सावजी रस्सा तोंडात जळते. गुपचूप (पाणीपुरी) अख्खा जात नाही तोंडात.’ हे त्याला परत ऐकवा, मध्ये ‘पण’ न घालता: ‘सकाळी खर्र्याशिवाय जमत नाही, आणि गुपचूप तोंडात जात नाही.’ मग गप्प बसा. ही शांतता घरच्यांना झेपत नाही, तिथेच बहुतेक घोळ होतो.

दुसरा प्रश्न खात्रीचा: ‘ठरवलं तर जमेल असं किती वाटतं?’ गरज 8 आणि खात्री 2 असेल तर कॅन्सरवरचं भाषण वाया जातं. त्याला सकाळची सोय हवी असते. तंबाखू सुटल्यावर काही दिवस पोट खरंच जड राहतं. ते आधीच सांगावं. पाणी, चोथ्याची भाजी आणि चालणं त्या आठवड्यापुरतं ठरवून टाकावं.

माहिती द्यायचीच तर ‘एक सांगू का?’ विचारून एकच गोष्ट सांगा. उदाहरणार्थ, तंबाखू काढून नुसती सुपारी चघळणं सुरक्षित नाही. 2004 पासून सुपारीही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात आहे आणि तोंड आखडतं ते मुख्यतः तिच्यामुळे. लगेच विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं यावर?’ समुपदेशनातलं ‘गोड बोलणं’ ते हेच. त्याने सगळ्यांचं सुटतं असं नाही, हेही खरं.

झटक्याची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, मान्य. 2016 च्या एका ब्रिटिश चाचणीत जवळपास 700 सिगारेट ओढणारे होते. एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के चार आठवड्यांनी टिकले, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी 39. पण त्यांनी दोन आठवडे आधी तारीख ठरवली होती, सोबत निकोटिनचे (तलफ भागवायला त्वचेवर चिकटवायचे) पॅच आणि नर्सचा आधार होता. खिशातली खर्र्याची पन्नी (प्लास्टिकची पुडी) काढून नालीत फेकणं म्हणजे हा झटका नव्हे. निकोटिनचा गमही खर्र्यासारखा चघळून चालत नाही. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचा, मग गालात दाबून ठेवायचा. आधीची 15 मिनिटं चहा नाही. भराभर चघळून लाळ गिळली की उचकी लागते, आणि ‘काही कामाचा नाही’ म्हणून गम सुटतो, खर्रा राहतो. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर गमच्या नादी न लागता दंतवैद्याला तोंड दाखवा, पॅचचं डॉक्टरांना विचारा.

21 दिवस? तो आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून आला. नवा चेहरा अंगवळणी पडायला लागणारे दिवस. खर्र्याशी संबंध शून्य.

राहिलं घाबरवणं. तंबाखूच्या पाकिटावरच्या 85 टक्के जागेतल्या चित्रांनी माणूस विचारात पडतो, हे खरं. त्या चित्राखाली 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांकही असतो. ठेल्यावर घोटलेल्या खर्र्याच्या पन्नीवर मात्र ना चित्र, ना क्रमांक. वहिनी, पुढचा फॉरवर्ड तेवढा क्रमांकाचा कर.