क्वार्टरची झोप

आमचा कट्टा म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या तीन पायऱ्या, समोर चहाची टपरी अन् वर गळका पत्रा. साडेनऊला जमायचं, अकराला उठायचं, मधल्या वेळात देश चालवायचा. गटारी होऊन तिसरा दिवस होता, पाऊस असा की गोदावरीला पाणी चढलंय अन् दुतोंड्या मारुतीच्या (आमच्याकडं पूर त्याच्यावरूनच मोजतात) कुठपर्यंत आलंय याचे व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत होते, त्यामुळे विषय पुराचाच निघणार असं वाटलं होतं. पण पम्या आला तोच भडकलेला.

"श्रावण पाळणाऱ्याला सरकारने भत्ता द्यायला पाहिजे. तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही. रोज क्वार्टर मारली की दहा मिनिटांत मी घोरतो, तुमच्या वहिनीला विचारा. बंद केली अन् झोप गेली. म्हणजे झोप दारूनेच येत होती ना? सिद्ध झालं. विषय संपला."

आमच्या कट्ट्यावर विषय संपला म्हणलं की तो सुरू होतो.

पम्या अंबडला कंपनीत आहे. चारेक वर्षांपूर्वी सेकंड शिफ्ट करून बारा-साडेबाराला घरी यायचा, डोकं मशीनसारखं चालूच, झोप यायची नाही म्हणून एक पेग सुरू झाला. आता फर्स्ट शिफ्ट आहे, पण पेगची क्वार्टर झाली अन् ती काय शिफ्टबरोबर बदलली नाही. (हे सगळं त्यानेच सांगितलेलं आहे आणि लिहू का म्हणून विचारूनच लिहितोय, त्याची अट एवढीच की खरं नाव नको.)

केतक्याने लगेच मनगट पुढं केलं. हा आयटीवाला, याच्या घड्याळात याच्या बापाचंसुद्धा बीपी निघेल. "हे बघ, गटारीची रात्र. इतर दिवशी झोपेत माझे ठोके पंचावन्न-अठ्ठावन्न असतात, त्या रात्री पहाटेपर्यंत सत्तरच्या खाली आलेच नाहीत. आठ तास आडवा होतो अन् बॉडी बॅटरी, म्हणजे अंगात किती दम उरलाय ते, सकाळी चौदा टक्के. मी झोपलो होतो, हार्ट जिना चढत होतं."

"घड्याळ काढून झोप, ठोके दिसणार नाहीत," पम्या.

"अरे फिनलंडमध्ये चार हजारांवर नोकरदार लोकांचं हेच बघितलं, 2018 ला छापून आलं. झोपेच्या पहिल्या तीन तासांत शरीर किती सावरतं ते ठोक्यांवरून मोजलं. थोडी घेतली तर नऊ टक्क्यांनी कमी, मध्यम घेतली तर चोवीस, जास्त घेतली तर एकोणचाळीस. अन् त्यांची थोडी म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला तीस एमएलचे दोन स्मॉल पेगसुद्धा नाही."

"फिनलंडला थंडी असते. त्यांचं वेगळं."

इथं नित्या मधे पडला. नित्याचं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे तो बोलायला लागला की आम्ही आपोआप गिऱ्हाईक होतो. त्याने टपरीवरचा कटिंगचा ग्लास उलटा ठेवला अन् हिशोब चालू केला. क्वार्टर म्हणजे 180 एमएल. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 77 एमएल शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण 61 ग्रॅम. लिव्हर तासाला सात-आठ ग्रॅमच्या वर काही हलवत नाही, तुम्ही लिंबू प्या नाहीतर गार पाण्याने आंघोळ करा, ते आपल्या चालीने चालतं, रोजच्या पिणाऱ्याचं थोडं सरावलेलं असतं एवढंच. "तू इथून उठून घरी जातो, अकरा ते बारा बाटली संपवतो. हिशोब कर. आठ तास. सव्वासहाला तू गाडीवर बसतो तेव्हा शेवटचा पेग अजून आतच आहे."

पम्या गप्प. मला मजा वाटत होती, कारण मी आपला फक्त शनिवारवाला, त्यातही बीअर. तेवढ्यात नित्या माझ्याकडं वळला. "अन् तू हसू नको. दोन स्ट्राँग ना तुझ्या? 650 ची बाटली, आठ टक्के धर. एकीत 41 ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. दोन मारतो म्हणजे आठ. पम्या सहाच मारतो."

मी इतकी वर्षं बीअर म्हणजे ताकाची मोठी बहीण समजत होतो. कोणीतरी वाइनचं काढलं, आपण नाशिकवाले, वाइन तर घरचीच, ती हार्टला चांगली. नित्या म्हणला, मोठा ग्लास म्हणजे दीड पेग, लिव्हरला द्राक्षं दिसत नाहीत.

"ते सगळं बरोबर असेल," पम्या परत उठला, "पण माझा मुद्दा तुम्ही खोडला नाही. झोप येत होती की नाही?"

येत होती. हे मान्य करावंच लागलं अन् मला वाटतं चर्चेतला खरा गुंता हाच होता, कारण दारूने झोप येते हे खोटं नाहीच. मेंदूला शांत करणारं जे काही आहे त्याला दारू जोर देते, जागं ठेवणारं असतं ते दाबते, म्हणून पटकन डोळे मिटतात, पहिले तीन-चार तास झोप उलट जास्तच गाढ. पण मेंदू काय गप्प बसत नाही, तो दाबलेली स्प्रिंग उलटी रेटत असतो, अन् दारूची पातळी खाली आली की ती स्प्रिंग सुटते. अडीच-तीनला टक्क डोळे उघडे, तोंडाला कोरड, छातीत धडधड. त्यात दारूने लघवी आवरणारं हार्मोन दबलेलं असतं, म्हणून बाथरूमच्या दोन फेऱ्या. घशाचे स्नायू सैल पडतात म्हणून घोरणं, कुणाकुणाचा तर झोपेत श्वासच मधे मधे अडकतो. जठराचं तोंड पण सैल पडतं, मग आंबट पाणी वर.

"तीनला उठतो का नाही तू?" केतक्या.

"उठतो. ते वयाने."

"एकोणचाळीस वय आहे तुझं!"

"अन् स्वप्नं पडतात?" परत केतक्याच.

पम्याने खरंच विचार केला. "नाही पडत. चांगलंय की."

केतक्या म्हणे ज्या झोपेत स्वप्नं पडतात तिला रेम म्हणतात, 1953 साली शिकागोत शोधली, बंद पापण्यांखाली बुबुळं हलताना दिसली म्हणून. दिवसभराचं लक्षात ठेवणं, राग-बीग निवळणं यात तिचा मोठा हात. दारू पहिला घाव तिच्यावरच घालते. मग पहाटे मेंदू ती उधारी वसूल करायला बघतो तेव्हा झोपच तुकड्या-तुकड्यांची झालेली असते.

मला यावर माझ्या बायकोचं वाक्य आठवलं. रविवारी मी दहाला उठून परत दुपारी लोळत असतो, तेव्हा ती एकदा म्हणली होती, तुला झोप येते, झोप लागते, पण तुझी झोप होत नाही. मी ते कट्ट्यावर सांगितलं तर पम्यासुद्धा म्हणला, वहिनी बरोबर आहे. म्हणजे मी दोन तास आकडे ऐकले, तीन देशांचे पुरावे झाले, अन् माणूस हलला तो क्रियापदाने.

"पण मग आता का नाही लागत?" पम्याचा आवाज जरा खाली आलेला. "तीन दिवस बंद आहे ना. तुमच्या हिशोबाने सुधारायला पाहिजे. इथं उलटं. अंगाला घाम, पाच मिनिटं डोळा लागला की दचकून जाग. काल तर नुसता भिंतीकडं बघत बसलो."

अण्णा इतका वेळ शेवटच्या पायरीवर होते. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले, आमच्यात एकटेच साठीच्या पुढचे. ते अकरा वर्षांपूर्वी दारूतून सुटलेत हे सगळ्यांना माहितीये, पण त्यांनी स्वतःहून कधी भाषण दिलं नाही, गटारीला आमच्याबरोबर बसून मटण खातात अन् सोडा पितात. ते उठले, पम्यासमोर आले.

"हात पुढं कर. दोन्ही. बोटं पसर."

पम्याने केले. बोटं थरथरत होती. मग माझ्या लक्षात आलं की आज त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, अन् आपल्याला वाटलं पावसाने गारठलाय.

"उलटी होते का? काही दिसतं का नसलेलं? आवाज येतात?"

"दिसत नाही काही. मळमळतं सकाळी. अण्णा, घाबरवू नका."

"घाबरवत नाही. पण रोजची क्वार्टर चार वर्षं घेणारा माणूस एका रात्रीत बंद करतो तेव्हा ते श्रावण पाळणं नसतं बाबा. पहिले दोन-चार दिवस धोक्याचे. आमच्या डेपोतल्या एकाला तिसऱ्या दिवशी फिट आली, चालू गाडीवर नव्हता म्हणून वाचला, अन् पॅसेंजर पण वाचले."

नित्याने पण मान डोलावली. म्हणला, गेल्या दोन दिवसांत तू माझ्याकडं झोपेची गोळी मागितली अन् मी नाही दिली, तुला राग आला, पण चिठ्ठीशिवाय देत नाही ते उगाच नाही. ती गोळी अन् वर दारू पडली तर श्वासच मंदावतो. लोक दोन्ही घेऊन झोपतात, काही जण उठत नाहीत.

पम्या तरी म्हणालाच, मग आज थोडी घेतो, थरथर जाईल. अण्णा म्हणले, जाईल, लगेच जाईल, म्हणून तर ती सुटत नाही. अन् पुढं असं पण म्हणले की आज रात्रीच जास्त झालं, गोंधळल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. शेवटी नित्या अन् अण्णा साडेअकराला त्याच्याबरोबर घरी गेले, वहिनींशी बोलले, अन् सकाळी अण्णाच त्याला घेऊन डॉक्टरकडं गेले. डॉक्टरने तपासून आठवड्यात कमी-कमी करत बंद करायच्या गोळ्या दिल्या, बी-वन व्हिटॅमिन दिलं, रोज येऊन दाखवायला सांगितलं, झोपेबद्दल म्हणे एवढ्यात अपेक्षा ठेवू नका.

हे मला पटायला वेळ लागला. माझ्यासारखा आठवड्याला एकदा घेणारा थांबला तर चार-पाच रात्रींत फरक दिसतो. मी हट्टाने दोन शनिवार कोरडे काढले, पहिल्या रविवारी सातला उठलो अन् उठून करायचं काय ते कळेना, बायकोने मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तर घोरण्यातली ती मोठी आरोळी गायब. पण रोजवाल्याचं तसं नसतं. अण्णांना पहिला महिना रात्रभर जाग होती. दुधाची गाडी किती वाजता येते, कुठला कुत्रा कुणाच्या दारात झोपतो, सगळं पाठ. तीन-चार महिन्यांनी झोप बसायला लागली अन् पुरती लागायला वर्ष गेलं म्हणतात. झोप येत नाही म्हणून परत सुरू करणारे त्यांनी खूप बघितलेत, त्यांच्या मते माणूस पार्टीत घसरतो त्यापेक्षा जास्त रात्री तीनला घसरतो. त्यांनी स्वतः काय केलं विचारलं तर विशेष काही नाही. रात्र कशीही जावो, सकाळी साडेपाचला उठायचंच. दुपारी आडवं व्हायचं नाही. अन् संध्याकाळनंतर चहा बंद. हे ते रात्री दहाला, टपरीसमोर, हातात काहीच नसताना सांगत होते अन् आमच्या चौघांच्या हातात दुसरा कटिंग होता.

दहाव्या-बाराव्या दिवशी पम्या कट्ट्यावर परत आला. थरथर गेलेली, चेहरा जरा उतरलेला, झोप चार-साडेचार तास. पण वेगळीच तक्रार. "स्वप्नं रे! एवढी? काल स्वप्नात आमचा सुपरवायझर घोड्यावरून आला अन् माझ्याकडं गेटपास मागतोय. परवा शाळेतला पेपर. दमून उठतो." केतक्या एकदम खूश, उधारी, उधारी, म्हणत मनगट नाचवायला लागला, इतकी वर्षं दाबलेली रेम आता व्याजासकट निघतेय म्हणे. पम्या म्हणला, व्याज माफ करायला सांग.

मग तिसऱ्या श्रावणी सोमवारला तो आमच्या नाकावर टिच्चून त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करून आला. रविवारी रात्री निघाला, पावसात, चिखलात, वीसेक किलोमीटर. सोमवारी रात्री नऊला झोपला तो मंगळवारी साडेपाचला उठला, मधे एकदाही नाही. मंगळवारी कट्ट्यावर येऊन त्याने हे असं सांगितलं जसं काही पगारवाढ झाली.

केतक्या म्हणला, बघ, तीनेक आठवडे झाले, दारू सोडल्याचा परिणाम.

पम्या म्हणला, छे, फेरीचा. महादेवाचा.

नित्या म्हणला, रात्रभर जागून वीस किलोमीटर चिखल तुडवला तर म्हैससुद्धा साडेआठ तास झोपेल, हा काय पुरावा झाला का, परत बुधवारची रात्र बघा, गुरुवारची बघा. अण्णांना विचारलं तर ते म्हणले, त्याला झोपू द्या आधी, मग भांडा. पण तोवर पम्या पायरीवर उभा राहिलेला अन् महादेव की लिव्हर यावर मतदान चालू झालेलं, टपरीवाल्याचं मत धरायचं का नाही यावर अडलंय, अन् गणपती झाल्यावर काय हा प्रश्न अजून कुणी काढलेलाच नाही.