ताई, कडी बाहेरून होती

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चिडून, एकदा जेवणं आटोपल्यावर. 'लिहिणाऱ्यानं संमेलनं, कट्टे सोडावेत आणि दार लावून बसावं' या माझ्या लेखावर तुम्ही विचारलंय, की दार लावून बसणाऱ्याला चहा कोण आणून देतं? आणि जो माणसांत जात नाही, त्याच्या लिखाणात माणसं येणार कुठून?

चहाचं आधी. बायको देते. (आज मी केला, पण तुमचं वाचून केला, तेव्हा तो धरू नका.) यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माडगुळ्याच्या 'बामणाच्या पत्र्या'चा दाखला मी दिला होता. गदिमा तिथं शेतातल्या त्या पत्र्याच्या घरात लिहीत बसायचे, एकांत म्हणजे असा, असं ठोकूनही दिलं. पण त्याच गदिमांचं गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी. चाल लावायला बाबूजी (सुधीर फडके) थांबलेले, गायक-वादक थांबलेले. पहिलंच गाणं ऐनवेळी हरवलं, तेव्हा आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गदिमांना खोलीत कोंडून ते परत लिहून घेतलं, असं सांगतात. एकांत होता, पण कडी बाहेरून होती! हे मला लेख लिहिताना सुचायला हवं होतं.

आता स्वतःची फजिती. औदुंबरला संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं, तिथं एका वर्षी मी कविता वाचली. त्यात 'हळद पेरली' अशी ओळ होती. खाली उतरलो तर एक आजोबा हातावर तिळगूळ ठेवून म्हणाले, "कविता ब्येस हाय. पर हळद पेरत न्हाईत बाळा, लावत्यात. गड्डं असत्यात ती." सांगलीत जन्म गेला, यार्डातले हळदीचे सौदे बघत मोठा झालो, आणि ही ओळ चार महिने खोलीत घोटली होती. 'पेरली' आणि 'लावली', मात्राही तेवढ्याच. तरी सुचलं नाही.

म्हणजे तुमचं बरोबर? बरंचसं. पण 'लिहिता लिहिता दाखवत राहावं' असं जे तुम्ही म्हणता, ते मात्र मला पटत नाही. आमच्या ग्रुपवर पहिलं कडवं टाकलं, की पाच मिनिटांत 'वा वा'ची रांग लागते, आणि दुसरं कडवं त्या रांगेकडे बघत लिहिलं जातं. माझ्या दोन कविता अशा मेल्यात. आजोबांनी खोट काढली ती पुऱ्या झालेल्या कवितेतली, तोंडावर, आणि पुढच्या कवीला ऐकायला ते परत जाऊन बसले. असा ऐकणारा असेल तर मी दार उघडंच ठेवीन. पण तोही कविता संपल्यावर हवा, आधी नको.

पत्र्याचा परिच्छेद आज दुरुस्त करतो. संक्रांतीला औदुंबरला येणार असाल तर भेटू. चहा माझ्याकडून, टपरीवरचा.