शेजारी देशांचं एकच राष्ट्र केलं की सगळं सुटेल? एकेक मुद्दा बघूया

"शेजारी देशांनी सीमा पुसून एकच राष्ट्र करावं, एक संसद, एक सैन्य, एक चलन, युरोपने करून दाखवलंय, युद्धं थांबतील, गरिबी हटेल, आणि नाहीच पटलं तर परत वेगळं होता येईल" असा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. पाठवणाऱ्यांच्या हेतूवर मला अजिबात शंका नाही, सीमेवर माणसं मरतात ते मलाही बघवत नाही, म्हणूनच हे नीट वेळ काढून लिहितेय.

"युरोपने करून दाखवलं." काय करून दाखवलं पण? युरोपियन युनियन हे एक राष्ट्र नाहीये. २७ देश आहेत, प्रत्येकाचं सैन्य आपापलं, इन्कम टॅक्स आपापला, परराष्ट्र धोरणावर एकाने जरी नाही म्हटलं तरी सगळं अडून बसतं. युनियनचं बजेट सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या साधारण १ टक्का. १९५१ ला सहा देशांनी कोळसा आणि पोलादाचा करार केला तिथपासून सुरुवात, युरोच्या नोटा हातात यायला २००२ उजाडलं आणि त्यासुद्धा सगळ्या देशांत नाहीत. एक राज्यघटना आणायचा प्रयत्न झाला तेव्हा २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी ती फेटाळली, हे दोघं त्या पहिल्या सहांतलेच बरं का. युरोपला जे जमलं ते करारांनी जमलं.

"भाषा एक, संस्कृती एक, मग अडचण काय?" इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त लोकांना पटतो तो हाच मुद्दा. नकाशात पश्चिम आफ्रिकेतला गांबिया शोधा. नदीच्या दोन्ही काठांची एक अरुंद पट्टी, तीन बाजूंना सेनेगल, चौथीकडे समुद्र. दोन्हीकडे वोलोफ बोलतात, मांडिंका बोलतात, बहुतेक लोक मुसलमान, नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना. फरक एवढाच की गांबियात इंग्रज राज्य करून गेले आणि सेनेगलमध्ये फ्रेंच. १९८१ ला गांबियात सत्ता उलथवायचा प्रयत्न झाला, सेनेगलच्या सैन्याने तो मोडला, आणि फेब्रुवारी १९८२ पासून सेनेगांबिया महासंघ सुरू झाला, अध्यक्ष सेनेगलचा, उपाध्यक्ष गांबियाचा. गाडी अडली कुठे, तर आयात करावर! गांबियात कर कमी होता, राजधानी बंजुलच्या बंदरात माल उतरवायचा आणि शेजारी नेऊन विकायचा यावर तिथल्या कितीतरी व्यापाऱ्यांचं पोट चालायचं, उलट सेनेगलला स्वतःचे कारखाने जपायचे होते म्हणून कर चढे. दोन्हीकडे एकच दर लावायचा तर लहान देशाच्या पोटावर पाय, आणि त्यात आपण गिळले जाऊ ही भीती होतीच. १९८९ मध्ये महासंघ मोडला. भाषा तीच होती, लोकही तेच होते.

आता पुढचं ऐका. सेनेगलच्या उत्तर आणि दक्षिण भागांना जोडणारा रस्ता गांबियातून जातो आणि मध्ये नदी आडवी येते. तिथे फेरीबोट होती, मालाचे ट्रक तिच्यासाठी दिवसच्या दिवस रांगेत उभे असायचे. महासंघाच्या सात वर्षांत तिथे पूल झाला नाही. झाला तो जानेवारी २०१९ मध्ये, दोन वेगळ्या देशांच्या सहमतीने. ट्रकवाल्याला हवा होता तो पूल, त्याला एक संसद नको होती.

"युद्धं थांबतील, सैन्याचा खर्च वाचेल." येमेन बघा. उत्तर आणि दक्षिण येमेन, दोन्हीकडे अरबी, मे १९९० मध्ये एक झाले. दोन सैन्यं कागदावर एक, प्रत्यक्षात वेगळीच राहिली. १९९४ ला हीच दोन सैन्यं एकमेकांवर तुटून पडली. आधी दोन देशांत होणारं भांडण आता घरातलं झालं, आणि घरातल्या भांडणात मध्यस्थी करायला बाहेरचा कोणी पटकन येत नाही. यावर कोणी जर्मनीचं नाव घेईल, पण ते दुसऱ्या महायुद्धानंतर तोडलेलं एकच राष्ट्र होतं, दोन शेजारी नव्हते. टांगानिका आणि झांझिबार मिळून झालेला टांझानिया मात्र १९६४ पासून टिकलाय हे मान्य, तरी झांझिबारचा राष्ट्राध्यक्ष आजही वेगळा असतो.

"सीमा उघडायच्या तर एकच राष्ट्र हवं." मुळीच नको. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड यांनी १९५४ मध्येच एकमेकांच्या नागरिकांना परमिटशिवाय नोकरी करायची मुभा दिली, पासपोर्टची कटकटही त्याच दशकात संपवली, आणि चारही देश आजपर्यंत वेगळे आहेत. त्यातल्या नॉर्वे आणि स्वीडनचा तर आधी १८१४ पासून एक राजा होता, १९०५ मध्ये नॉर्वेत मतदान घेतलं तेव्हा वेगळं होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मतं पडली आणि विरोधात १८४. सिंगापूर १९६३ ला मलेशियात गेलं, १९६५ ला बाहेर पडलं, पण मलेशियातल्या जोहोर राज्यातून पाणी आणायचा १९६२ चा करार आजही चालू आहे, मुदत २०६१ पर्यंत.

आणि शेवटचं, "नाही पटलं तर परत वेगळं होऊ." हे वाक्य वाचून मला खरंच भीती वाटते. ब्रिटनकडे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा लेखी नियम होता, तरी २०१६ च्या मतदानानंतर निघायला २०२० उजाडलं, आणि आयर्लंडच्या सीमेचं काय करायचं यावर पुढेही भांडण चालूच राहिलं. सीरिया १९५८ मध्ये इजिप्तशी एक झाला, १९६१ मध्ये बाहेर पडला तो दमास्कसमधल्या लष्करी बंडाने. येमेनच्या दक्षिणेतल्या नेत्यांनी मे १९९४ मध्ये आम्ही वेगळे झालो असं जाहीर केलं आणि जुलैत उत्तरेचं सैन्य दक्षिणेच्या राजधानीत, एडनमध्ये शिरलं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान हे एक वाक्य तरी खोडून पाठवा.