'चिनी माल' म्हणे!

आज सकाळी एका जुन्या वर्गमित्राने युए मिन्जुन या चिनी चित्रकाराचं चित्र शेअर केलं. तोच तो गुलाबी, डोळे मिटून बत्तीशी दाखवणारा माणूस. वर शेरा, 'जन्मभर एकच थोबाड आणि किंमत कोटीत. चिनी माल!' चाळीसेक जण हसले. माझं डोकं उठलंय.

लेक लहान होती तेव्हाची गोष्ट. मी गुऱ्हाळाचं चित्र केलं होतं. रात्र, चुलवाणाचा जाळ, काहिलीवरची वाफ. गॅलरीवाले म्हणाले, "मॅडम, हे मोठं आहे, जाणार नाही. याचीच छोटी आठ करा, निळ्यातच." केली. घरभाडं थकलं होतं.

आता त्या थोबाडाकडे जरा नीट बघा. १९९५ सालचं 'एक्झिक्यूशन'. मागे लाल भिंत, चड्डीवर उभी केलेली माणसं खदाखदा हसतायत, समोरचे त्यांच्यावर नेम धरतायत आणि त्यांच्या हातात बंदूकच नाही. १९८९मध्ये तिआनआनमेन चौकात लष्कराने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या, त्यानंतर बीजिंगमध्ये बसून हे काढायला काय लागतं? १९९५मध्येच तिथली युआनमिंगयुआनची चित्रकारांची वस्ती पोलिसांनी उठवली. पुढच्या वर्षी हाँगकाँगमधून हे चित्र साधारण ३२ हजार डॉलरला गेलं, तेही 'चारचौघांत दाखवायचं नाही' या बोलीवर. २००७मध्ये लंडनच्या लिलावात त्याचे २९ लाख पौंड झाले. मधली वाढ विकणाऱ्याच्या खिशात. आणि शिव्या कुणाला? चित्रकाराला!

पुढे त्याने तो चेहरा फार वापरला, शिल्पंसुद्धा काढली. काही मलाही कंटाळवाणी वाटतात. बरं, मान्य.

पण पाचव्या गुऱ्हाळाला माझा हात न बघता निळ्या ट्यूबकडे गेला होता. ते कळलं त्या क्षणी पोटात जे झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. सहावं, सातवं, आठवं तरीही केलंच. माझ्या दारात पोलीस नव्हते, फक्त घरमालक होता. त्या चिनी चित्रकारांकडे दोन्ही. २०२३मध्ये सैनिकांच्या गणवेशातल्या याच हसऱ्या चेहऱ्यांवरून युएवर तिकडचे देशभक्त तुटून पडले: लष्कराचा अपमान केलास म्हणून. म्हणजे तिथे तो देशद्रोही आणि इथे आपल्या ग्रुपवर साच्यातला माल. माणसाने जायचं कुठे?

दुसरा चिनी कलाकार गाओ झेन तर २०२२मध्ये अमेरिकेत राहायला गेला होता. २०२४च्या ऑगस्टमध्ये चीनला गेला असताना त्याला उचललं. वय अडुसष्ट. गुन्हा काय, तर माओवरची शिल्पं, दहा वर्षांपूर्वीची आणि त्याहून जुनी. हुतात्म्यांच्या बदनामीचं कलम आलं २०२१ला. आधी शिल्प, मग कायदा! यावर त्या चाळीसांपैकी एकानेही कधी ओळ लिहिलेली मला आठवत नाही.

मघाशी वर्गमित्रावर फार चिडले होते. त्यानेही पंधरा वर्षं लग्नाच्या हॉलसाठी गणपती रंगवलेत, त्याला हे माझ्याहून जास्त कळायला हवं. कदाचित कळतंही असेल, म्हणूनच बोचलं असेल.

पहिलं मोठं गुऱ्हाळ अजून माझ्याकडे आहे, कपाटामागे. दुपारी बाहेर काढून पुसलं. वाफेत एक हिरवट फटकारा आहे, चुकून लागलेला. तो पुढच्या आठांत कुठेच नाही.