द्राक्षाचा रस शाकाहारीच, पण वाइनचं काय?

दादा, मी व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यासकट प्राण्यांचं काहीच न घेणारी. विमानातल्या व्हीगन वाइन आणि जेवणावर मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. पिंपळगावला तुमची द्राक्षबाग आहे, तेव्हा राग समजू शकते. तुमचे मुद्दे तीन. वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, त्यात मासा नि अंडं शोधून मी नाशिकचं नाव खराब करतेय. विमानात जैन जेवण मिळतं, मग हे व्हीगनचं खूळ कशाला? आणि एअर होस्टेसला आधीच कामं कमी आहेत का? जाता जाता असंही विचारलंत, की वहिनींना घेऊन मुलाकडे जर्मनीला निघालोय, तर तिकिटावर जेवण कुठलं टाकू? ते शेवटी सांगते. आधी भांडण.

रस शाकाहारी आहे, त्यावर वाद नाही. रस आंबवणाऱ्या यीस्टबद्दलही नाही. गोची पुढे होते. नवी वाइन गढूळ असते. पुराच्या पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाला बसतो, तशी तीही निवळून घेतात. त्यासाठी बेंटोनाइट नावाची माती वापरली, तर आमच्यासारख्यांचा प्रश्नच मिटला. पण रेड वाइनचा तुरटपणा उतरवायला अंड्याचा पांढरा बलक घालायची पद्धत फार जुनी आहे. अंड्यातली प्रथिनं टॅनिनला, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकाला, धरतात आणि त्याला घेऊन खाली बसतात. व्हाइट वाइनसाठी दुधातलं केसीन किंवा आयसिंग्लास वापरतात. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ. शिवाय हाडा-कातड्यातून काढलेलं जिलेटिन आहेच. अलीकडे वाटाण्याची किंवा बटाट्याची प्रथिनंही वापरतात. काही वायनरी काहीच न घालता वाइन नुसती मुरू देतात, आपोआप निवळेपर्यंत.

तुम्ही म्हणता, गाळ तर काढूनच टाकतात, मग ग्लासात काय उरतं? जवळजवळ काहीच नाही. पण उरलं किती, हा ॲलर्जीवाल्याचा प्रश्न झाला. माझा प्रश्न वापरलं काय, हा आहे. ॲलर्जीवाल्यांसाठी युरोपात 2012 पासून नियम आहे, की दुधाचा किंवा अंड्याचा अंश वाइनमध्ये सापडत असेल तर लेबलवर तसं लिहायचं. आयसिंग्लासला मात्र त्यातून सूट आहे. म्हणजे लेबल गप्प असलं तर मासा नव्हता, असं धरून चालता येत नाही.

आता नाशिकच्या बदनामीचं. दादा, तुमची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा घेणारा काय काय विचारतो? फवारणी कशाची, कधी, रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशांचा अहवाल, कुठाय. प्लॉटची नोंदणी असते, नमुना लॅबला जातो, मगच कंटेनर भरतो. 2010 साली क्लोरमेक्वाटचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे वापरतात त्या सीसीसीचे अंश सापडले म्हणून तिकडे माल अडकला, तेव्हा किती घरं हवालदिल झाली ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. आज तुम्ही तो रिपोर्ट कपाळाला आठी न घालता देता आणि त्यावर भाव घेता. मग दिंडोरी नाहीतर गंगापूरकडच्या एखाद्या टेस्टिंग रूममध्ये मी ‘फाइनिंगला, म्हणजे वाइन निवळायला, काय वापरता?’ असं विचारलं, तर बदनामी कशी होते? ‘ही व्हीगन आहे का?’ असं विचारू नये, एवढं मात्र वाचकांना सांगेन. त्यावर समोरचा हसून ‘हो मॅडम, प्युअर व्हेज’ म्हणून मोकळा होतो. आणि प्रत्येक बाटलीपुरतं विचारावं. एकाच वायनरीची शेनिन ब्लाँ ही व्हाइट एका पद्धतीने निवळलेली असते, शिराझ ही रेड दुसऱ्या.

विचारून काय होतं म्हणाल, तर गिनीज बिअर बघा. 1759 पासूनचा कारखाना. वर्षानुवर्षं आयसिंग्लास वापरायचे. 2015 साली त्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोक विचारत राहिले, त्याचाही त्यात वाटा होता.

एअर होस्टेसच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. आकाशात गेल्यावर तिला काही विचारून उपयोग नसतो, कारण ट्रे जमिनीवरच्या किचनमध्ये भरून आलेला असतो. जे करायचं ते आधी. विमान कंपन्यांचे जेवणाचे ठरलेले कोड असतात. व्हीगनचा व्हीजीएमएल. तो निदान 24 तास आधी नोंदवावा लागतो, काही कंपन्या 48 मागतात. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर विमान ज्यांचं त्यांच्याकडे खात्री करायची. फ्लाइट बदलली तर नोंद पुन्हा तपासायची. इतकं करूनही व्हीगन ट्रेमध्ये ब्रेडशेजारी लोण्याची वडी येऊ शकते. ती बाजूला ठेवायची, आरडाओरडा करायचा नाही. म्हणून पिशवीत धपाटे आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी असतेच. दशम्या चालत नाहीत, त्या दुधात भिजवतात.

वाइनचं तर आणखी सोपं. नाशिकच्या ओझर विमानतळावरून विमानात बसून मी वाइन मागते, हा तुमचा टोमणा वाया गेला, कारण देशांतर्गत विमानात दारू देतच नाहीत. परदेशी जाताना इकॉनॉमीत बहुतेकदा छोटी बाटलीच हातात देतात. मागचं लेबल वाचायचं, व्हीगनची खूण असेल तर उघडायची. निघण्यापूर्वी कंपनीची वाइन यादी मिळाली, तर ती नावं बार्निव्होर या साइटवर टाकून बघता येतात. तिथे कुठली वाइन, बिअर व्हीगन आहे त्याची मोठी यादी आहे. काहीच जमलं नाही तर टोमॅटो ज्यूस. विमानातल्या कोरड्या हवेत नि कमी दाबात खारट-गोडाची चव मंदावते, टोमॅटोची टिकून राहते, त्यामुळे तो खालच्यापेक्षा वर जास्त छान लागतो. कडक टॅनिनची रेड मात्र वर आणखीच कडवट वाटते, तेव्हा फार गमावलं असंही नाही.

राहिलं जैन जेवण. व्हीजेएमएल. त्यात कांदा, लसूण, बटाटा नसतो, पण दही-पनीर चालतं. म्हणजे मला जे नको ते त्यात असू शकतं आणि तुम्हाला जे हवं ते नसतं. तुम्ही दोघं दूध-दही खाता, मग एव्हीएमएल टाका, एशियन व्हेजिटेरियन. भारतीय मसाल्याची शाकाहारी भाजी मिळते. आणि एक कळकळीने सांगते, ‘हिंदू मील’ या नावाला भुलू नका. एचएनएमएल हा मांसाहारी कोड आहे. त्यात गोमांस नि डुकराचं मांस नसतं, पण चिकन, मटण, मासे असू शकतात. मुलांकडे निघालेली आपल्याकडची कितीतरी शाकाहारी जोडपी भक्तिभावाने तोच निवडतात.

प्रवासाच्या दिवशी वहिनींची एकादशी आली, तर त्यांच्यापुरता एफपीएमएल टाका, म्हणजे फळांची थाळी. तीही आधीच नोंदवावी लागते, आणि जाताना-येताना दोन्हीकडची वेगवेगळी.